सर्वानुमते

कोयनाकाठ सोसायटीत ‘बिनविरोध’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो बाबासो शेडग्यांनी. तो त्यांना इतका आवडला की पुढं वर्षभर लग्नाच्या याद्यांपासून भाजीच्या निवडीपर्यंत ते तो कुठंही वापरायचे.

बाबासो कांदा-बटाटा बाजारात माथाडी. पन्नाशीला टेकलेले, मानेवर पोत्यांनी पाडलेला घट्टा, स्वभाव मऊ. मूळचे पाटणकडचे. तुर्भ्यातल्या या सोसायटीत चाळीस घरं होती आणि त्यातली तीसेक साताऱ्याकडच्या माणसांची, म्हणून नाव कोयनाकाठ. बाकीच्यांत एक मैना म्हात्रे. ती तुर्भे गावातलीच. दिरांच्या वाटण्या झाल्यावर गावातलं घर पुरेना, तेव्हा तिनं मासळी विकून जमवलेल्या पैशांतून इथं स्वतःच्या नावावर घर घेतलं होतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर पाणी चढेनासं झालं. बायका हंडे घेऊन जिना चढायच्या आणि प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाला तरी शिव्या घालायच्या. तेव्हा धनाजी काळंगे पुढं झाले. कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी स्वेच्छेनं सोडून ते नुकतेच घरी बसले होते. माणूस उंच, आवाज खणखणीत, शर्ट कायम इस्त्रीचा. तीन आठवडे त्यांनी पाण्याच्या ऑफिसात जाऊन साहेब लोकांचं डोकं खाल्लं, मग नवा पंप बसवून घेतला. एका सकाळी चौथ्या मजल्यावर बाबासोंच्या मोरीत धो धो पाणी आलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, रंगूबाईनं, नळाला हळदकुंकू लावलं.

त्याच महिन्यात सर्वसाधारण सभा होती. चेअरमनची निवड हा विषय आला आणि बाबासो उठून उभे राहिले.

“मी म्हंतो, निवडणूक कशापायी? धनाजीराव चेअरमन. बिनविरोध!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विरोध करण्यासारखं काही नव्हतंच. माणूस कामाचा होता. पुढच्या थंडीत बाबासोंच्या आईला धाप लागली तेव्हा जीप आणली धनाजीरावांनी, दवाखान्यात खाट मिळवून दिली धनाजीरावांनी, आणि म्हातारी बरी होऊन आली तेव्हा पेढे वाटले तेही धनाजीरावांनी.

पंच्याण्णवच्या सभेत मात्र भांडण झालं. मुद्दा होता, स्कूटर कुठं लावायची. सोसायटीत तेव्हा स्कूटर दोनच होत्या, पण भांडायला चाळीस घरं होती. दोन तास झाले तरी मिटेना. शेवटी धनाजीराव खुर्चीवरून उठले.

“मंडळी, मी कामं करू का भांडणं सोडवू? दर वर्षी हा तमाशा कशाला? दोन वर्षांतून एकदा सभा घेऊ. काही अडलं तर मी आहेच की.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती.

दोन वर्षांनी सभेच्या तारखेला गणपती आले, म्हणून ती पुढं गेली. त्याच्या पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक लागली. त्यानंतर तारीख कुणी विचारली नाही. खालच्या नोटीस बोर्डावर पूर्वी कुणीही काहीही लावायचं: शिकवणीची जाहिरात, सत्यनारायणाचं आमंत्रण, ‘निळी बादली घेऊन गेलेल्याने परत करावी.’ एका दिवाळीत बोर्डाला काच आणि कुलूप आलं. दिसायला छान दिसत होतं. धनाजीराव म्हणाले, आता बोर्ड ऑफिसातल्यासारखा वाटतो. तसा तो वाटतही होता.

कमिटी सात जणांची होती आणि बाबासो तिच्यात होते. कमिटीत असणं फार सोपं काम होतं. महिन्या-दोन महिन्यांनी सेक्रेटरी सिताराम जगदाळे रजिस्टर घेऊन दारात यायचे. हा माणूस अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि अक्षर मात्र छापल्यासारखं.

“कमिटीची मीटिंग झाली,” ते म्हणायचे.

“कुठं झाली?” बाबासो दाढीचा फेस सांभाळत विचारायचे.

“झाली. इथं सही करा.”

बाबासो करायचे. वरचा मजकूर त्यांनी कधी वाचला नाही. वाचला असता तर कळलं असतं की प्रत्येक सभेच्या शेवटी अध्यक्षांचे आभार मानून चहापान होत होतं. पाच वर्षांत तो चहा कुणीच प्यायलं नव्हतं.

देशात मात्र निवडणुकांचा सुकाळ होता. साडेतीन वर्षांत लोकसभेला तिसऱ्यांदा मतदान आलं, नव्याण्णवच्या सप्टेंबरात. धनाजीरावांनी म्हाताऱ्यांसाठी टेम्पोची सोय केली आणि सकाळी गेटवर उभं राहून सगळ्यांना बजावलं, “मतदान हा पवित्र हक्क आहे. एकानंही घरी बसायचं नाही.” बाबासो बोटाची शाई दिवसभर मिरवत होते.

मग नवरात्राच्या आदल्या दिवशी मैना त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. हातात अर्धवट वाळलेल्या बोंबलांचं सूप होतं.

“दादा, माज्या मासलीनं तुमचं काय वाकडं केलं?”

“माजं? काय न्हाई की. का वो?”

“खाली कागद लागलाय. गच्चीवर मासली वालवायची नाय. गच्चीला कुलूप ठोकलंय. आनि कागदावर नाव हाय तुमचं. पयलंच.”

बाबासो चार मजले उतरून खाली गेले. काचेमागं सितारामांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘दि. २६ सप्टेंबर रोजी झालेल्या समितीच्या सभेत, श्री. बाबासो शेडगे यांच्या सूचनेवरून, सर्वानुमते असा ठराव करण्यात आला की...’

त्यांनी ते दोनदा वाचलं. तो रजिस्टरच्या पानाचा झेरॉक्स होता, खाली सातही सह्यांसकट. सव्वीस सप्टेंबरला रविवार होता. त्या रविवारी बाबासो चुलत्याच्या म्हाळाला गावी होते आणि दुपारी पाटावर बसून वडे खात होते.

मैना त्यांच्या मागोमाग उतरली होती. “सई तुमचीच ना?”

“सई माजीच हाय,” बाबासो म्हणाले. “पर मी असं काय बोललो न्हाई.”

“मंग कोन बोललं?”

बाबासो पुन्हा काचेमागच्या कागदाकडं पाहू लागले. मैनानं सूप कमरेवर घेतलं. “एवढे दिवस वालवतेय, तुमची रंगू माज्याकडून सुके सोडे नेतेय. वास येतो तर तोंडावर सांगायचं. मी काय गच्ची खाल्ली असती?” आणि ती निघून गेली.

तिच्या ओरडण्यापेक्षा हे निघून जाणं बाबासोंना जास्त लागलं.

चार दिवस त्यांनी धीर गोळा केला आणि बुधवारी संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या वेळी धनाजीरावांच्या घरी गेले. हॉलमध्ये रंगीत टीव्ही चालू होता आणि शेजारपाजारचे तीनचार जण आधीच बसलेले होते. दिल्लीत नवं मंत्रिमंडळ शपथ घेत होतं. त्यामागोमाग शेजारच्या देशातली बातमी आली. तिथं आदल्या दिवशी लष्करानं सरकारच उलथवलं होतं. टीव्ही केंद्राच्या फाटकावर चढणारे शिपाई पुन्हापुन्हा दाखवत होते. लोक म्हणे रस्त्यावर मिठाई वाटत होते.

“बघा,” धनाजीराव म्हणाले, “ह्यांना लोकशाही पचतच नाही. एक माणूस ठरवणार आणि बाकीचे माना डोलावणार.”

बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

धनाजीरावांच्या बायकोनं, उज्वलाताईंनी, चहा आणला. बाबासोंनी कप हातात घेतला आणि घसा खाकरला.

“धनाजीराव, ते मासळीचं. मी तशी सूचना केली न्हाई.”

“अहो, ठरावाला सूचक लागतो. कुणाचं तरी नाव घालावंच लागतं. तुमच्या नावाला वजन आहे.”

“पर त्या दिवशी मी गावी हुतो.”

“सही आहे ना तुमची?”

“हाय.”

“मग तुम्ही हजर होता!” धनाजीराव मोठ्यानं हसले आणि बाकीचेही हसले. “दोन-तीन घरांनी वासाची तक्रार केली. मी निर्णय घेतला. सभा बोलावली असती तर महिनाभर नुसतं भांडण झालं असतं.”

“आपली निवडणूक शेवटची कवा झाली?” बाबासोंनी विचारलं. प्रश्न आपल्याच तोंडून आला याचं त्यांना नवल वाटलं.

धनाजीरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“होऊन काय करायचंय?” धनाजीरावांनी शांतपणे विचारलं. “वर पाणी येतंय ना?”

“येतंय.”

“मग?”

बाबासोंनी चहा संपवला आणि ते घरी आले. रंगूबाई गहू निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं ताट खाली ठेवलं.

“पाच वर्सं मी नळ सोडला की त्या मानसाचं नाव घेती,” ती म्हणाली. “आनखी किती वर्सं घ्यायचं? उपकार केलं म्हनून आपली जीभबी त्यास्नीच देऊन टाकायची व्हय?”

“आयच्या वक्ताला जीप त्यांनीच आणली हुती, रंगे.”

“आनली की. त्याचं पांग फेडू. पर तुमी न बोलल्यालं तुमच्या नावावर घालायचा परवाना त्यास्नी कुनी दिला?”

परवाना आपणच दिला होता, दाढीच्या फेसासकट, हे बाबासोंना ठाऊक होतं. त्या विचारानं त्यांना नीट जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतताना ते सितारामांकडं गेले आणि म्हणाले, “रजिस्टर दावा.” सितारामांनी जिन्याकडं पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि त्यांना आत ओढून दार लावून घेतलं.

“रजिस्टर त्यांच्या कपाटात असतं,” ते कुजबुजले. “मी फक्त लिहितो. ते सांगतात ते. मला पण बरं वाटत नाही, बाबासो. पण एक सांगतो. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा घ्यावीच लागते. कायदाच आहे तसा. चाळीसचे आठ. आठ सह्या आणा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

“तुमी सई करनार?”

“मी?” सितारामांचा आवाज नाहीसाच झाला. “मी सेक्रेटरी आहे हो.”

अर्ज बाबासोंनी स्वतः लिहिला. तीन कागद फाडले, चौथा जमला. मग रंगूबाई तो घेऊन मैनाकडं गेली. मैनानं तो धाकट्या जावेकडून वाचून घेतला, दोनदा, आणि मगच सही केली. तिथून पुढं दोघी रोज दुपारी दारोदार फिरू लागल्या.

लोकांची कारणं एकापेक्षा एक होती. एकीच्या पोरीला धनाजीरावांनी कॉलेजात प्रवेश मिळवून दिला होता. एक म्हणाला, कशाला टेन्शन घेता, चाललंय ना नीट. दुसऱ्या मजल्यावरच्या शालनबाई म्हणाल्या, “मी सही करते, पण माझं नाव लिहू नका.” रंगूबाईनं त्यांना समजावलं की सहीत नावच असतं. शालनबाई म्हणाल्या, मग अवघड आहे. एका निवृत्त मास्तरांनी लोकशाहीवर पाऊण तास सुंदर भाषण दिलं आणि शेवटी आपला चष्मा सापडत नाही असं सांगितलं. तो त्यांच्या कपाळावर होता.

तरीही सात सह्या झाल्या. दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली आणि आकडा सातावरच अडून बसला. मैना म्हणाली, “आता कोनाला धरायचं? मासलीच्या पाटीवर नोटीस लावू का?”

त्याच दिवशी दुपारी उज्वलाताई रंगूबाईच्या दारात आल्या. रंगूबाईनं घाईघाईनं कागद गव्हाच्या ताटाखाली सरकवला.

“लपवू नका,” उज्वलाताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. “सात झाल्यात, मला माहितीय. ह्यांनाही माहितीय. द्या इकडं.”

“तुमी काय करनार?”

“सही. घर दोघांच्या नावावर आहे, पण पहिलं नाव माझं. मी नर्स होते तेव्हा मला मिळालेलं घर आहे ते. म्हणजे मत माझं, आणि सहीही माझीच.”

रंगूबाईनं ताट उचलून कागद पुढं केला. “त्यांच्या इरोधात?”

“विरोधात नाही हो.” उज्वलाताईंनी गव्हातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. “पाच वर्षं झाली, आम्ही दोघं एकदा धड जेवलो नाही. ड्रेनेज तुंबलं की धनाजीराव. चावी हरवली की धनाजीराव. नवराबायकोचं बिनसलं तरी धनाजीराव. आणि आता त्यांना खरंच वाटायला लागलंय, की आपण झोपलो तर बिल्डिंग पडेल. परवा मी विचारलं, अहो, लोकांना एकदा विचारून तरी बघा. तर म्हणाले, लोकांना काय कळतं.” त्यांनी पेन मागितलं. “मला ते वाक्य आवडलं नाही. मी पण लोकांतलीच आहे.”

अर्ज धनाजीरावांच्या हाती गेला तेव्हा त्यांनी उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. एकेक सही वाचत ते खाली आले आणि आठव्या सहीवर थांबले. मग घरात गेले. त्या दिवशी त्यांच्या घरातून कुणाचा आवाज आला नाही, हे सगळ्या विंगेनं कान लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस होती: रविवार, २१ नोव्हेंबर, सकाळी दहा, गच्चीवर विशेष सभा. विषय एकच, समितीची निवडणूक.

गच्चीचं कुलूप त्यासाठी काढावंच लागलं.

अडतीस घरं हजर होती. इतकी माणसं गणपतीच्या आरतीलाही जमत नसत. वर कापड बांधलं होतं तरी ऊन लागत होतं. धनाजीराव बोलायला उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कागद. दोन ओळी वाचून त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

“काय कमी केलं मी?” त्यांनी विचारलं. “पाणी आणलं. कंपाउंडची भिंत बांधली. कुणाच्या आजारपणाला मी नव्हतो, ते सांगा.”

बाबासोंना वाटलं, उठावं आणि पुन्हा एकदा म्हणून टाकावं, बिनविरोध. रंगूबाईनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ते उठले, पण दुसरंच बोलले.

“धनाजीराव, तुमी लई केलं. मी जलमभर इसरनार न्हाई. पर आमी काय बोललो न्हाई आन तुमी ते आमच्या नावावर लिवलं. ह्यात माजीबी चूक हाय. मी न वाचता सया केल्या. सगळ्यांम्होरं सांगतो, चुकलो. आता मातर एकदा मोजू. मोजून तुमीच आला तर पयला हार मी घालतो.”

सितारामांनी विचारलं, “अध्यक्षपदासाठी दुसरं नाव?”

मास्तर आकाशाकडं पाहू लागले. बाबासोंनी हात जोडून नकार दिला.

“मी उभी राते,” मैना म्हणाली.

गच्चीवर हशा पिकला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “मग काय, रोज बोंबील!” हशा वाढला. मैना कमरेवर हात ठेवून तो ओसरेपर्यंत उभी राहिली.

“हसा. हसून झालं की मतं द्या,” ती म्हणाली. “माजं सांगनं एवढंच हाय. जे काय ठरवायचं ते इथं ठरवा, माज्यासमोर. माज्या मासलीला नाय म्हनायचं तर म्हना. पन हात वर करून म्हना, म्हंजे मला समजंल कोन म्हनतंय.”

या वेळी कुणी हसलं नाही.

मिठाईच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून पेटी केली. चिठ्ठ्या पडल्या. सिताराम एकेक चिठ्ठी उघडून, सगळ्यांना दाखवून, आपल्या बारीक आवाजात वाचू लागले. सुरुवातीला धनाजीराव पुढं, मग मैना, मग पुन्हा धनाजीराव. एका चिठ्ठीवर ‘दोघंही चांगले’ असं लिहिलेलं निघालं. दुसरीवर ‘आमची मोरी गळते’. दोन्ही बाद ठरल्या.

धनाजी काळंगे एकोणीस. मैना म्हात्रे सतरा.

बाबासोंनी बोलल्याप्रमाणं हार पुढं केला. धनाजीरावांनी तो हातातच घेतला, गळ्यात घालून घेतला नाही. “सतरा,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं.

मग हात वर करून सात जणांची कमिटी निवडली. मैना आली, रंगूबाई आली, आणि सगळ्यांना धक्का देत शालनबाईंनी स्वतःचं नाव स्वतः सुचवलं. बाबासो या वेळी उभे राहिले नाहीत. आणि मग, माणसं जमलीच आहेत तर, मासळीचा विषय निघाला. तो एक तास चाळीस मिनिटं चालला. कुणी म्हणालं पश्चिमेची बाजू द्या, कुणी म्हणालं वारा तिकडूनच येतो. मास्तरांनी वाऱ्याच्या दिशेवर माहिती दिली. अकरा जण भुकेनं उठून गेले आणि त्यातले सहा जेवून परत आले. शेवटी ठरलं: टाकीमागची बाजू, नवरात्र आणि चतुर्थी सोडून. बाजूनं बावीस, विरोधात आठ. मैनानं आठही हात नीट पाहून घेतले आणि त्यातल्या एकीला म्हणाली, “तुला कोलंबी देनार नाय आता,” आणि दोघी हसल्या.

दीड-दोन वाजता गच्ची रिकामी झाली. बाबासो सतरंजी गुंडाळत मागं राहिले होते. ते जिना उतरू लागले तेव्हा धनाजीराव हार हातात घेऊन चौथ्या मजल्याच्या कठड्याशी उभे होते.

“बाबासो, एक विचारू? खरं सांगा. तुम्ही कुणाला दिलंत?”

बाबासोंनी सतरंजी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

“ते न्हाई सांगत, धनाजीराव.”

“रागावणार नाही मी.”

“रागवा की. पर न्हाई सांगत.”

धनाजीराव त्यांच्याकडं बघत राहिले. मग गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना हसू आलं, थोडंसं.

“उज्वलानंही नाही सांगितलं,” ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.